इब्राहिम मालूफ: वडिलांनी ट्रम्पेटला जोडलेला चौथा पिस्टन

मध्यलय

पेटी शिकायला लागल्यावर चौथ्या वर्षी गुरुजींनी मला दरबारी राग दाखवला आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "इथल्या गंधारावर बोट ठेवून बसायचं नाही. स्पर्श करायचा आणि निघायचं. तो गंधार पेटीत नाही." त्या काळ्या पट्टीकडे मी किती तरी वेळ बघत राहिलो होतो. शेजारी बसून गाणारा मुलगा तोच गंधार सहज झुलवत होता आणि माझ्या वाद्यात मात्र त्याला जागा नव्हती. ती खंत आजही गेलेली नाही. जॅझ ट्रम्पेटवादक इब्राहिम मालूफ मला इतका जवळचा वाटतो तो त्यामुळेच. त्याच्या वडिलांनाही हीच अडचण आली होती. त्यांनी वाद्यच बदलून टाकलं.

वडिलांचं नाव नसीम मालूफ. लेबनॉनमधून पॅरिसला आले आणि मोरिस आंद्रे यांच्याकडे शिकले. बरोक काळातलं, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातलं युरोपीय संगीत ट्रम्पेटवर वाजवण्यात आंद्रे यांचा शब्द त्या काळी शेवटचा मानत. आता साध्या ट्रम्पेटला तीन पिस्टन असतात, म्हणजे हवा जास्तीच्या नळीत वळवणाऱ्या, बोटांनी दाबायच्या कळा. मधला दाबला की सूर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिल्याने एक स्वराने, तिसऱ्याने दीड स्वराने. ओठांचा ताण आणि हे तीन पिस्टन यांच्या जोरावर पाश्चात्त्य संगीताचे बाराही स्वर निघतात. पण अरबी मकाम, म्हणजे तिथले राग म्हणा ना, बारा स्वरांत मावत नाहीत. 'रास्त' हा तिथला अगदी पायाचा मकाम. त्याचा गंधार आपल्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठेतरी बसतो, निषादाचंही तसंच. 'बयाती'चा ऋषभ असाच मधला. म्हणजे नसीम यांना युरोपचं सगळं वाजवता येत होतं, आणि लहानपणापासून कानावर पडलेलं नेमकं येत नव्हतं.

१९६०च्या दशकात त्यांनी ट्रम्पेटला चौथा पिस्टन जोडला. तो दाबला की सूर पाव स्वराने उतरतो. आधीच्या तिघांच्या प्रत्येक जोडीला हा चौथा जोडता येत असल्यामुळे मधल्या सगळ्या जागा खुल्या होतात. करामत एवढीच. पण त्या एका नळीमुळे ट्रम्पेट मकाम गाऊ लागला. हो, 'गाऊ लागला' हाच शब्द मला योग्य वाटतो.

गंमत अशी की हे वाद्य कित्येक वर्षं जवळजवळ एकाच घरात राहिलं.

इब्राहिमचा जन्म १९८० सालचा, बैरूतचा. यादवी युद्ध १९७५ पासून सुरूच होतं. कुटुंब फ्रान्सला आलं आणि पॅरिसच्या दक्षिणेला एतांप नावाच्या गावात वाढलं. आई नदा पियानोवादक. सातव्या वर्षी वडिलांनी हातात ट्रम्पेट दिला, आणि मग दोघं बापलेक युरोपात आणि मध्यपूर्वेत जोडीने कार्यक्रम करत हिंडले. व्हिवाल्दी, पर्सेल, अल्बिनोनी असा सगळा बरोक मामला. पंधराव्या वर्षाच्या आसपास त्याने बाखचा दुसरा ब्रांडेनबर्ग कंचेर्टो वाजवला. त्यातला ट्रम्पेट इतका उंच चढतो की भले भले वादक तिथे दम टाकतात.

पण त्याला व्हायचं होतं वास्तुविशारद. मोडलेला लेबनॉन परत बांधायचा होता. शाळेत त्याने विज्ञान शाखा घेतली होती. त्याला संगीताकडे वळवणाऱ्यांत मोरिस आंद्रे होते, म्हणजे वडिलांचेच गुरू. पुढे पॅरिसच्या राष्ट्रीय संगीत विद्यालयात शिक्षण, १९९९ ते २००३ या काळात एकामागून एक आंतरराष्ट्रीय स्पर्धांची बक्षिसं. शास्त्रीय ट्रम्पेटवादकाची वाट अगदी आखून ठेवलेली होती: एखाद्या मोठ्या वाद्यवृंदात पहिली खुर्ची. त्याने ती घेतली नाही.

ही वाट त्याने का सोडली असेल, याचा मी बराच विचार केला आहे. मला वाटतं उत्तर त्या चौथ्या पिस्टनमध्ये आहे. वाद्यवृंदाच्या खुर्चीत त्याला काम काय? तिथे तो वर्षानुवर्षं न दाबताच राहिला असता.

पुढचं प्रतिसादांत लिहितो. इथे आणखी कोणी ऐकलंय का त्याला?

रानजाई

वा, सुंदर धागा. वाचनखूण साठवली आहे. एक शंका. पाव स्वर म्हणजे सप्तकात २४ जागा झाल्या. आपल्याकडे २२ श्रुती. म्हणजे साधारण तेच का? या ट्रम्पेटवर आपले राग वाजतील?

मध्यलय

रानजाई, आकडे जवळचे असल्यामुळे तसं वाटतं खरं, पण गोष्ट वेगळी आहे. २४ पाव स्वर म्हणजे सप्तकाचे सारखे २४ तुकडे. श्रुती सारख्या अंतरावर नसतात. शिवाय खुद्द अरबी गवईसुद्धा रास्तचा गंधार मोजून पाव स्वरावर लावत नाहीत. तो कैरोत थोडा इकडे, अलेप्पोत थोडा तिकडे असतो. चौथा पिस्टन वादकाला त्या गल्लीपर्यंत नेऊन सोडतो, घराचं दार ओठांनी शोधायचं असतं. तेवढी मोकळीक ट्रम्पेटमध्ये आहे, माझ्या पेटीत नाही.

दरबारीचा आंदोलित गंधार त्यावर निघेल का, हे मला फार ऐकावंसं वाटतं.

पिपाणीवाला

मी बोलू का या विषयावर? आमच्या घरी तीन पिढ्या बँड आहे. आजोबा ट्रम्पेट, वडील युफोनियम, मी दोन्ही थोडं थोडं. लग्नसराईत अजूनही वाजवतो, एरवी दुकान बघतो.

मधले सूर आम्हीही काढतो. दोन रीती आहेत. एक, ओठ सैल सोडून सूर खाली ओढायचा. दुसरी, पिस्टन पूर्ण न दाबता अर्ध्यावर धरायचा. दोन्हींत अडचण एकच. ओठाने ओढलेला सूर मंद पडतो, त्यातलं तेज जातं. अर्ध्या पिस्टनवर हवा कोंडते आणि सूर घशात अडकल्यासारखा येतो. घसरत जायला, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर मिंडेसारखं जायला हे चालतं. पण त्या मधल्या सुरावर ठाण मांडून उभं राहायचं म्हटलं, वरातीच्या गोंगाटात तो लांबपर्यंत पोचवायचा म्हटलं, तर नाही जमत.

तुमचा लेख वाचून मी काल रात्री त्याचं 'बैरूत' ऐकलं. सुरुवातीला एकटा ट्रम्पेट आहे, फार हळू. त्यात तो मधल्या सुरावर खरोखर उभा राहतो हो. सूर भरलेला, गोल, कुठेही कोंडलेला नाही. मी फोन कानाला लावून तेवढीच जागा सात-आठ वेळा ऐकली. वाजवणाऱ्यालाच कळेल यात काय आहे ते.

मध्यलय

पिपाणीवाला, तुमच्या या प्रतिसादासाठी मी हा धागा काढला असं आता वाटतंय. पेटीवाल्याला हे कधीच इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

'बैरूत'ची गोष्टही सांगतो. युद्ध संपल्यावर १९९३च्या सुमारास हा बारा-तेरा वर्षांचा मुलगा बैरूतमध्ये एकटाच पायी हिंडला. गोळ्यांनी चाळण झालेल्या इमारती, आणि कानात वॉकमनवर लेड झेपलिन हा रॉक बँड. ती चाल त्याच्याजवळ तेव्हापासून होती, ध्वनिमुद्रित झाली २०११च्या 'डायग्नॉस्टिक'मध्ये. म्हणून ती अंगाईसारखी सुरू होते आणि शेवटी गिटार आणि ड्रम्स अक्षरशः अंगावर येतात. ज्याला शहर बांधायचं होतं त्याने त्या शहराचं हे बांधलं.

त्याच्या आधीची वर्षंही महत्त्वाची आहेत. शास्त्रीय वाट सोडल्यावर तो इतरांच्या मागे उभा राहून वाजवत होता: ल्हासा द सेला, अमादू आणि मरियम, मात्यू शेदीद. इंग्लिश गायक स्टिंगच्या २००९च्या हिवाळी अल्बममध्येही तो आहे. स्वतःचं संगीत छापायला त्याने स्वतःचीच संस्था काढली आणि २००७ मध्ये 'डायस्पोराज' आला, २००९ मध्ये 'डायाक्रोनिझम', मग 'डायग्नॉस्टिक'. तिन्ही नावं 'डाया'ने सुरू होतात. सगळ्यात आधी आला तो 'डायस्पोराज', म्हणजे देशोधडीला लागलेली माणसं. हा योगायोग नसावा.

आणि या सगळ्या काळात तो पॅरिसलगतच्या उपनगरांतल्या संगीत विद्यालयात ट्रम्पेट शिकवत होता. पुढे उत्स्फूर्त वादन शिकवू लागला. पाश्चात्त्य शास्त्रीय शिक्षणातून उत्स्फूर्तता हद्दपार झाली याचं त्याला मनापासून वाईट वाटतं आणि तो ते वारंवार बोलतो. आपल्याकडे आलाप-तानांची सवय असलेल्या माणसाला या दुःखाची कल्पना यायला वेळ लागतो. विचार करा, पंधरा वर्षं गाणं शिकून एकही आलाप स्वतःचा घेता येत नाही!

स्विंगप्रेमी

लेख चांगला आहे, पण मूळ मुद्द्यावर माझी हरकत नोंदवतो. याला जॅझ वादक का म्हणायचं? मी चाळीस वर्षं जॅझ ऐकतोय. मालूफचं मी जे ऐकलंय त्यात अरबी चाली आहेत, रॉक आहे, बाल्कन बँड आहे, नंतर तर हिपहॉपही आलं. बियॉन्सेचं गाणंसुद्धा वाजवलंय त्याने. उत्तम संगीत असेल, पण जॅझचा गाभा म्हणजे स्विंग, तो झुलता ठेका, आणि ब्लूज, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं. तो कुठे आहे?

मध्यलय

हरकत रास्त आहे. (मकाम रास्त नव्हे, आपलं मराठी रास्त.) तुमच्यासाठी एकच अल्बम सुचवतो, २०१२चा 'विंड'.

१९५७च्या डिसेंबरात जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस पॅरिसला आला असताना लुई मालच्या चित्रपटासाठी त्याने पडद्यावरची दृश्यं बघत बघत, जवळजवळ काहीच लिहून न आणता संगीत वाजवलं होतं. तुम्ही ते ऐकलेलं असणारच. मालूफला पॅरिसच्या सिनेमातेक या चित्रपट संग्रहालयाकडून काम आलं ते रने क्लेअरच्या १९२७च्या एका मूकपटाला संगीत द्यायचं. त्याने ते माइल्सच्या त्या वादनाला वंदन म्हणून केलं. त्यासाठी न्यूयॉर्कला गेला, मार्क टर्नर सॅक्सोफोनवर, लॅरी ग्रेनेडिअर बासवर, क्लॅरन्स पेन ड्रम्सवर आणि फ्रांक वोस्ट पियानोवर. या वादकांना जॅझ येत नाही असं तुम्हीही म्हणणार नाही. आणि मग रात्रीच्या त्या निळ्या, सावकाश जॅझमधून पाव स्वर येतो. ब्लूजमध्ये गवय्ये गंधार ना कोमल ना शुद्ध असा मुद्दाम मधे लावतात, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. रास्तचा गंधार तिथून किती लांब आहे? 'विंड' ऐकताना मला तर दोन्ही एकाच जागी भेटल्यासारखे वाटतात.

स्विंगप्रेमी

ऐकतो आणि सांगतो.

ऱ्होनकाठ

मी गेली अकरा वर्षं लियोंला आहे. लियोंच्या दक्षिणेला व्हिएन म्हणून गाव आहे, तिथे दर उन्हाळ्यात जॅझ महोत्सव भरतो. जागा म्हणजे टेकडीच्या उतारावर कोरलेलं रोमन रंगमंडल, हजारो माणसं दगडी पायऱ्यांवर बसतात. दिवसभर तापलेला दगड रात्री दहापर्यंत गरम असतो. आम्ही बसायला घरून गोधडी नेतो (आईने दिलेली, फ्रेंच शेजारणी कौतुकाने हात लावून बघतात).

तिथे काही वर्षांपूर्वी मालूफला ऐकलं. त्याची बोलायची रीत फार साधी आहे. गाण्याआधी गोष्ट सांगतो, मग चाल लोकांना शिकवतो, एक एक ओळ, आपल्याकडे कीर्तनात बुवा मागच्यांकडून म्हणवून घेतात तसं. त्या रात्री माझ्या पुढच्या पायरीवर साठीच्या बाई एकट्याच बसल्या होत्या. ट्रम्पेटने ती सुरावट घेतली, तोच मधला सूर असणार, आणि त्यांनी अरबीत काहीतरी पुटपुटून छातीवर हात ठेवला. मध्यंतरात बोललो. त्या १९८४ मध्ये लेबनॉनमधून आलेल्या. म्हणाल्या, हा सूर आमच्या घरी गाण्यात असायचा, भोंग्यासारख्या पितळी वाद्यातून येईल असं वाटलं नव्हतं.

तुम्ही लोक तांत्रिक भाषेत लिहिताय ते मला सगळं कळत नाही, पण त्या बाईंचा चेहरा मला दिसला आहे.

आणखी एक. इथे त्याला कोणी 'लेबनीज वादक' म्हणत नाही. तो इथला आहे. नोव्हेंबर २०१५च्या पॅरिसमधल्या दहशतवादी हल्ल्यांनंतर बळींच्या स्मरणार्थ त्याने चाल बांधली, शब्द त्याच्याच घराण्यातले लेखक अमीन मालूफ यांचे, गायली लुआन या तरुण गायिकेने. त्या हल्ल्यांतलं बाताक्लां सभागृह वर्षभराने पुन्हा उघडलं तेव्हा स्टिंगबरोबर तोही मंचावर होता. त्या दिवसांत आम्ही परदेशातून आलेले लोक बसमध्ये खाली मान घालून बसायचो. अशा वेळी बैरूतमध्ये जन्मलेला माणूस पॅरिसच्या दुःखात पॅरिसकर म्हणून वाजवत होता. मला त्याचा किती आधार वाटला हे शब्दांत सांगता येणार नाही.

मध्यलय

ऱ्होनकाठ, फार छान लिहिलंत. अमीन मालूफ आता फ्रेंच अकादमीचे कायम सचिव आहेत, २०२३ पासून. फ्रेंच भाषेची राखण करणाऱ्या संस्थेची धुरा एका बैरूतच्या माणसाकडे.

त्याच २०१६च्या डिसेंबरात इब्राहिमने पॅरिसचं बेर्सी भरवलं. जिथे पॉप आणि रॉकचे तारे येतात त्या अवाढव्य सभागृहाची तिकिटं जॅझ वादकाच्या नावावर संपली, असं आधी झालं नव्हतं. दोन-तीन महिन्यांनी चित्रपट संगीतासाठी सेझार हा फ्रान्सचा चित्रपट पुरस्कार मिळाला, सायबेरियातल्या एकांतावरच्या चित्रपटासाठी. तेही संगीत ऐकण्यासारखं आहे, पण मला त्याच्या कारकिर्दीचं शिखर विचाराल तर मी दोन्ही सोडून 'कल्सूम' हा अल्बम सांगेन.

इजिप्तची थोर गायिका उम्म कुल्सूम हिचं 'अल्फ लैला व लैला', १९६९चं, बलीग हमदी यांची चाल. एक गाणं, आणि मंचावर गाताना ते तासाच्या घरात जायचं. बाई एकच ओळ घेऊन बसायच्या, दहा तऱ्हांनी म्हणायच्या, श्रोते ओरडून परत मागायचे. बोलआलाप ऐकलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. २०१५ मध्ये मालूफने हे अख्खं गाणं 'विंड'च्याच न्यूयॉर्कच्या मंडळींना घेऊन वाजवलं. एकही शब्द नाही. ट्रम्पेट तिच्या गळ्याच्या जागी. इथे चौथा पिस्टन नसता तर हे धाडस करताच आलं नसतं, कारण ज्या सुरांवर अरब श्रोत्याचा जीव अडकतो तेच सूर गाळून गाणं वाजवावं लागलं असतं. पियानोची अडचण तर माझ्या पेटीसारखीच. वोस्ट तिथे काय करतो लक्ष देऊन ऐका: जिथे मधला सूर ठाशीवपणे येतो तिथे तो बऱ्याचदा हात आखडता घेतो. माझे गुरुजी आठवले मला!

'कल्सूम' आला त्याच दिवशी त्याने दुसरा अल्बमही काढला, 'रेड अँड ब्लॅक लाइट', इलेक्ट्रॉनिक बाजाचा. बियॉन्सेचं गाणं त्यात आहे. दोन्ही अल्बम स्त्रियांना अर्पण केलेले. दुसरा मला तितका धरून ठेवत नाही, प्रामाणिकपणे सांगतो.

मांडवीतीर

अवांतर होईल, पण ट्रम्पेटचा विषय निघाला आणि गोव्याचं नाव आलं नाही तर चैन पडणार नाही. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हिएर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायचे, त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त त्यांचा बँड आहे. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेली ही मुलं चित्रपटांत आली आणि त्यांच्यासमोर हिंदुस्थानी रागातली चाल ठेवली गेली. लिपीत न लिहिता येणाऱ्या जागा त्यांनी कानाने उचलल्या, बहुतेक पिपाणीवाल्यांनी सांगितलेल्या त्याच दोन रीतींनी. नसीम मालूफ लेबनॉनहून पॅरिसला गेले, आमची माणसं गोव्यातून मुंबईला. कोडं सारखंच होतं.

रानजाई

पहिल्यांदा ऐकणाऱ्याने कुठून सुरुवात करावी? आणि हल्ली काय करतोय तो?

मध्यलय

रानजाई, आधी 'बैरूत', मग २०१३च्या 'इल्यूजन्स'मधलं 'ट्रू सॉरी', मग रात्री दिवे मालवून 'कल्सूम' सलग. मधे थांबवू नका.

२०२० च्या ऑगस्टमध्ये बैरूतच्या बंदरात तो भीषण स्फोट झाला, तेव्हा त्याने दोन महिन्यांच्या आत पॅरिसच्या ऑलिम्पिया सभागृहात मदतीचा कार्यक्रम उभा केला. २०२२ मध्ये गायिका अँजेलिक किजोबरोबर 'क्वीन ऑफ शीबा', त्याला ग्रॅमीचं नामांकन होतं. पण मला सांगायचंय ते २०२४ च्या 'ट्रम्पेट्स ऑफ मिशेल-आंज'बद्दल. यात तो एकटा ट्रम्पेटवादक नाही. शेजारी आणखी वादक आहेत आणि सगळ्यांच्या हातात चार पिस्टनचे ट्रम्पेट. कल्पना आहे लेबनॉनच्या गावातल्या लग्नाची, मिरवणुकीत वाजणाऱ्या बँडची. वडिलांचं वाद्य इतकी वर्षं एका घरात होतं म्हणालो ना, आता त्याने ते ट्रम्पेट विक्रीला आणलेत आणि ऑनलाइन शिकवण्याची सोयही केली आहे.

स्विंगप्रेमी

'विंड' दोनदा ऐकला. टर्नर आणि ग्रेनेडिअर अप्रतिम. मालूफबद्दल माझं मत पूर्ण बदललं नाही, स्विंग मला अजूनही कमी वाटतो. पण ब्लूजच्या गंधाराबद्दल तुम्ही म्हणालात ते पटलं. आर्मस्ट्राँगच्या जुन्या ध्वनिमुद्रिका आज पुन्हा काढल्या आणि त्याच जागा ऐकत बसलो.

पिपाणीवाला

लग्नाच्या बँडचा अल्बम म्हटल्यावर राहवलं नाही. रविवारी आजोबांना ऐकवला. त्यांचं वय ८४, दात गेल्यापासून ट्रम्पेट पेटीत आहे. मोबाइलला छोटा स्पीकर लावला. पहिलं गाणं संपल्यावर म्हणाले, "वाजवणारे किती?" मी म्हटलं पाच-सहा असतील. "एकाच गावचे वाटतात." मग म्हणाले पुन्हा लाव. दुसऱ्यांदा चालू असताना त्यांची उजव्या हाताची तीन बोटं मांडीवर चालत होती, आणि एका जागी थांबली. तिथे काय दाबायचं ते त्यांना सापडेना. मी त्यांना चौथ्या पिस्टनचं सांगितलं, कागदावर चित्र काढून दाखवलं.

कागद त्यांनी बंडीच्या खिशात ठेवलाय. मध्यलय, तो ट्रम्पेट कितीला पडतो आणि इकडे मागवता येतो का, तेवढं बघून सांगाल?

मध्यलय

बघतो. उद्याच कळवतो. आजोबांना नमस्कार सांगा.